नावाची घडणावळ

३१ मे जवळ आला, की बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, नावाच्या पेनांना मागणी येते. धातूचं एक पेन, मखमली अस्तराची डबी आणि पेनावर कोरलेलं नाव. नावापुढे कुठे ‘गुरुजी’, कुठे ‘मॅडम’, कुठे ‘भाऊसाहेब’. या तारखेमागचं कारण गावोगावच्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. एके काळी खेड्यात मूल शाळेत घालताना जन्मतारखेचा कागद कुणाकडे नसे. मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ते सहा वर्षांचं झालं असं मास्तर धरत आणि तारीख म्हणून १ जून लिहून टाकत. ती मुलं पुढे शिक्षक झाली, ग्रामसेवक झाली, एसटीत वाहक झाली. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मे रोजी अख्खी पिढी एकदम घरी जाते. शाल असते, श्रीफळ असतं, आणि आयुष्यभर हजेरी मांडलेल्या हातात द्यायला पेनाइतकी चपखल वस्तू दुसरी नसते.

कोरायला अर्धं मिनिटही लागत नाही. लेझरचा ठिपका काळ्या मुलाम्यावरून सरसर फिरतो, मुलामा उडतो, खालचं पितळ उघडं पडतं आणि नाव सोनेरी दिसू लागतं. गिऱ्हाईक समोरच उभं असतं. ते हे पाहतं आणि विचारतं, “नाव टाकाचे इतके पैसे काहून भाऊ? पेन तर पन्नासले भेटते.”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. ते देता येत नाही म्हणून दुकानदार नावाचे पैसे पेनाच्या किमतीत लपवतो. मग शेजारचा तेच पेन दहा रुपयांनी स्वस्त देतो, हा आणखी पाच उतरवतो, आणि हंगाम संपल्यावर हिशेब मांडला तर यंत्राचा हप्ता खिशातून भरावा लागलेला असतो. या धंद्यात विकायची वस्तू पेन नाहीच. विकायचं असतं नाव, ते नीट लावण्याची मेहनत आणि ते चुकू न देण्याची हमी. हे ज्याला गिऱ्हाइकासमोर मोकळेपणानं सांगता येतं, त्याच्याच दुकानाचं शटर पुढच्या वर्षीही वर जातं.

नावाचे पैसे वेगळे द्यायची सवय आपल्याकडे नवी नाही. भांड्यावर नाव घालून देणारा कारागीर प्रत्येक बाजारात असे. आधी छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब पाडत अक्षर उमटवलं जाई, पुढे विजेवरचं घरघरणारं यंत्र आलं. लग्नात आलेला हंडा, घागर, स्टीलचा डबा, कशावरही ‘मामाकडून सप्रेम भेट’ असं कोरलं जाई आणि पैसे अक्षरावर मोजले जात. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर घासाघीस होई. कुणी आडनावाचं आद्याक्षर घालून चार अक्षरं वाचवी. हंड्याची किंमत आणि नावाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या व्यवहारात दोघांनाही मान्य होतं.

याहून ठसठशीत उदाहरण जिल्ह्यातच आहे. खामगावला लोक रजतनगरी म्हणतात; चांदीच्या शुद्धतेसाठी तिथल्या पेढ्यांवर दूरदूरचे लोक विश्वास टाकतात. तिथे ताट, पेला, निरांजन घेणाऱ्याच्या पावतीवर चांदीचं वजन, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ अशा वेगळ्या रकमा असतात. ‘चांदी तर इतक्याची, मग घडणावळ कसली?’ असा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. वस्तू मोडीत काढली तर चांदीचे पैसे परत मिळतील, घडणावळीचे मिळणार नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पेनावर नाव घालणाऱ्यानं आपल्या पावतीची रीत याच पेढ्यांकडून घ्यावी. पेन इतक्याचं, नावाची घडणावळ इतकी. अशा दोन ओळी मांडल्या की निम्मी घासाघीस तिथेच मिटते.

पण घडणावळ मागायची तर घडण तशी हवी, आणि देवनागरीत ती सोपी नाही. साध्या पेनाची जाडी साधारण बोटाच्या निम्मी. त्याच्या गोलाईवर समोरून वाचता येईल असा पट्टा मिळतो तो जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीचा. रोमन अक्षरं त्यात ओळीनं बसतात. मराठी नावाला मात्र तीन मजले लागतात : मधे अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. मधल्या अक्षराला तीन मिलिमीटर दिले तर अनुस्वाराच्या वाट्याला सुईच्या टोकाएवढी जागा उरते. शाई थोडी पातळ झाली की ते टिंब फुगून शिरोरेषेत मिसळतं, घट्ट झाली की उमटतच नाही. मग पांडुरंगचा ‘पाडुरग’ होतो आणि घरातल्या माणसाला ते पहिल्या नजरेत खुपतं. ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘श्रद्धा’ ही नावं कारागिराची परीक्षा घेतात. त्या मानानं शेगावच्या महाराजांमुळे जिल्ह्यात घरोघरी असलेलं ‘गजानन’ हे नाव फार समंजस आहे. वर काही नाही, खाली काही नाही, जोडाक्षर नाही. शिरोरेषेखाली चार अक्षरं नीट उभी राहतात.

संगणकावरची अडचण वेगळीच. जिल्ह्यातली बहुतेक छपाईची दुकानं कोरलड्रॉवर चालतात आणि पुष्कळ जणांचा हात अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर बसलेला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं श्रीलिपी आणली आणि तिच्या जोरावर मराठी लग्नपत्रिका, हँडबिलं, विशेषांक वर्षानुवर्षं निघाले. गिऱ्हाईक मात्र आता नाव व्हॉट्सॲपवर पाठवतं, ते युनिकोडमध्ये असतं, आणि जुन्या फॉन्टात चिकटवलं की अक्षरांचा नुसता काला होतो. म्हणजे नाव पुन्हा टाइप करणं आलं. चुका शिरतात त्या इथेच. पुढे लेझरच्या यंत्राबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी जोडाक्षरं बऱ्याचदा समजत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, ‘क्ष’ फुटतो. म्हणून आधी कोरलमध्ये अक्षरं ‘कर्व्ह’ करायची, म्हणजे त्यांचं अक्षरपण काढून नुसतं चित्र बनवायचं, आणि ते चित्र यंत्राला द्यायचं. एकदा कर्व्ह केलं की दुरुस्तीची सोय उरत नाही. म्हणून तपासायचं ते त्याआधी.

तपासायचं म्हणजे तरी काय? ‘दीपक’ बरोबर की ‘दिपक’? ‘सुनीता’ की ‘सुनिता’? शुद्धलेखनाचे नियम पहिल्या रूपाच्या बाजूचे आहेत. पण ज्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारकार्डावर आणि दाराच्या पाटीवर ‘दिपक’ आहे, त्याच्या पेनावर ‘दीपक’ कोरून देणं ही चूकच. नाव हे त्या माणसाचं. दुकानदारानं व्याकरण बाजूला ठेवावं, आलेलं नाव जसंच्या तसं लावावं आणि त्याचं चित्र गिऱ्हाइकाला पाठवून ‘बरोबर आहे’ हे दोन शब्द लेखी घ्यावेत. या दोन शब्दांची वाट पाहण्यात कधी दहा मिनिटं जातात, कधी अर्धा दिवस. घडणावळीतला सर्वांत मोठा वाटा याच वाट पाहण्याचा असतो आणि तो कुणालाच दिसत नाही.

छपाईच्या रीतीही एकसारख्या नाहीत. शाळेचं, पतसंस्थेचं किंवा कृषी केंद्राचं एकच नाव पाचशे पेनांवर हवं असेल तर स्क्रीन किंवा पॅड छपाई. लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या घरी स्क्रीन, इमल्शन आणि स्क्वीजी असतेच. गोल पेन फिरवणारा साचा जोडला की काम सुरू होतं. पॅड छपाईत धातूच्या किंवा पॉलिमरच्या प्लेटवर मजकूर अगदी उथळ खोदलेला असतो, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. त्यात भरलेली शाई सिलिकॉनचा मऊ पॅड उचलतो आणि पेनाच्या गोलाईवर दाबून सोडतो. यातली सगळी किमया शाईतल्या द्रावकाच्या उडून जाण्यात आहे. प्लेटवर शाईचा वरचा थर किंचित चिकट होतो म्हणून ती पॅडला लागते. पॅडवर असताना दुसरी बाजू चिकट होते म्हणून ती पेनाला लागते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडायला हवं.

आणि इथे बुलढाण्याचा भूगोल मधे येतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या घाटाखालच्या पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी शाई पॅडवरच वाळून बसते. पेनावर अर्धंच नाव उतरतं, उरलेलं पॅडला चिकटून राहतं. उशिरा उडणारं थिनर घालावं लागतं, नाहीतर सकाळी लवकर किंवा रात्री काम करावं लागतं. घाटावर बुलढाणा शहरात हवा थंड, तिथे तीच शाई वेगळी वागते. हिवाळ्यात आणखी एक दुखणं निघतं : कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि अक्षरांच्या कडेनं शाईचे तंतू कोळिष्टकासारखे पसरतात. ओल्या फडक्यानं पेनं पुसून घेणं, खोलीत पाण्याचं भांडं ठेवणं असे उपाय करत काम पुढे न्यावं लागतं. मुंबईच्या दरपत्रकातला ‘दर नगाचा छपाईखर्च’ जसाच्या तसा उचलून शेगावात लावता येत नाही, त्याचं हे एक कारण.

प्लॅस्टिकही पारखून घ्यावं लागतं. एबीएस किंवा पॉलिस्टायरीनवर शाई धरते. पॉलिप्रॉपिलीनवर ती धरत नाही. त्या पृष्ठभागाला आधी ज्योतीची धग द्यावी लागते किंवा प्रायमर लावावा लागतो. दिसायला दोन्ही पेनं सारखी. माल घेण्यापूर्वी एका नमुन्यावर छापून, दुसऱ्या दिवशी सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढायची, एवढी साधी चाचणी पुरते. ती न करता पाचशे पेनं छापली आणि आठवड्याभरात मुलांच्या घामेजल्या बोटांनी शाळेचं नाव पुसलं गेलं, तर तो दुकानदार त्या शाळेत पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही.

प्रत्येक पेनावर वेगळं नाव हवं असेल तर मात्र लेझर किंवा यूव्ही छपाई. प्लेट नको, स्क्रीन नको, पहिल्या नगापासून काम सुरू. धातूसाठी फायबर लेझर, बांबू किंवा लाकडाच्या पेनासाठी कार्बन डायऑक्साइडचा लेझर. फायबर लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण परावर्तित होऊनही डोळा कायमचा बिघडवू शकतो. त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा लागतो, साधा काळा चष्मा चालत नाही. मुलामा जळताना निघणारा धूर बाहेर काढायला पंखा लागतो. पीव्हीसीसारखं क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक तर लेझरखाली धरूच नये, त्यातून निघणारा वायू माणसाला आणि यंत्राला दोघांनाही खातो. हा चष्मा आणि हा पंखा ज्यांच्या हिशेबात नाहीत, त्यांचे दर स्वस्त दिसतात खरे.

आता आकडे मांडू. समजा, पाचशे प्लॅस्टिकची पेनं, एका रंगात शाळेचं नाव. पेन ठोक भावात ६ रुपयांना पडलं. वाहतूक नगामागे ३० पैसे, वाया जाणाऱ्या मालापोटी २० पैसे, शाई आणि थिनर २० पैसे. मजकूर लावणं आणि प्लेट मिळून ४०० रुपये, म्हणजे नगामागे ८० पैसे. छापणं, वाळवणं, मोजून पाकिटात भरणं याला पाच तास; स्वतःच्या तासाची किंमत १२० रुपये धरली तर नगामागे १ रुपया २० पैसे. भाडं, वीज, यंत्राची झीज ७० पैसे. बेरीज ९ रुपये ४० पैसे. हे पेन साडेअकरा-बाराला दिलं तर व्यवहार ठीक.

तीच शाळा म्हणाली, पाचशे नकोत, पन्नासच द्या. प्लेटचे ४०० रुपये आता पन्नास पेनांवर पडतात, नगामागे ८ रुपये. मांडामांड तेवढीच, म्हणून तासभर तरी लागतो, नगामागे २ रुपये ४० पैसे. बाकी सगळं तेच धरलं तरी खर्च १७ रुपये ८० पैशांवर जातो. मुख्याध्यापकांना वाटतं, दुकानदार अडवणूक करतोय. दुकानदाराला वाटतं, यांना धंदा कळत नाही. दोघांमधलं हे अंतर एका ओळीनं मिटू शकतं : ‘मांडणीचे ४०० रुपये, नग कितीही असोत; त्यापुढे पेनामागे इतके.’

सुट्या नावाचं गणित याहून नाजूक. समजा, धातूचं पेन ४५ रुपयांना, डबी १५ ला. लेझरचं यंत्र २ लाख ४० हजारांचं आणि ते पाच वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला ४ हजार त्याच्याच नावावर. महिन्याला दोनशे नावं कोरली तर प्रत्येक नावावर २० रुपये. भाडं-वीज ७, खराब होणाऱ्या नगापोटी ३. राहिला वेळ. निरोपाची देवाणघेवाण, टायपिंग, चित्र पाठवणं, होकार घेणं, पेन साच्यात बसवणं, कोरणं, पुसणं, डबीत ठेवणं. एका पेनासाठी पंचवीस मिनिटं सहज जातात, म्हणजे ५० रुपये. एकूण १४०. बाजार दीडशेच्या वर जाऊ देत नाही. हातात उरतात दहा रुपये.

हेच पेन चाळीस जणांच्या निरोप समारंभासाठी असेल आणि वर्गशिक्षकांनी नावांची यादी तपासून, सही करून, एकदम दिली असेल, तर एका नावाला चार मिनिटं पुरतात. वेळेचे ८ रुपये. खर्च ९८ वर येतो आणि सव्वाशेला देऊनही नफा अडीचपटीहून जास्त होतो. पेन तेच, कोरणं तेच. फरक पडला तो तपासलेल्या यादीमुळे. म्हणून शहाण्या दुकानदारानं सूट पेनांच्या संख्येवर देण्याऐवजी यादीच्या नेटकेपणावर द्यावी. एका फाइलमध्ये, एका लिपीत, एकाच जबाबदार माणसाकडून आलेली नावं स्वस्त. फोनवर एकेक सांगितलेली महाग. हा नियम भिंतीवर लावण्यात संकोच कसला?

इसाराचंही तसंच. कोऱ्या पेनाला कुणीही गिऱ्हाईक चालतं. नाव कोरलेल्या पेनाला जगात एकच. ते न्यायला तो आला नाही तर पेन, डबी, वेळ सगळं बुडालं. निदान निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायला जीभ अडखळते, हे खरं आहे, विशेषतः जिथे सगळेच ओळखीचे असतात त्या मेहकर-लोणारसारख्या गावांत. पण ओळख टिकवायची असेल तर उधारीची वही जाड होऊ न देणं हाच मार्ग दिसतो.

जगानं पेनाची किंमत कशी कोसळताना पाहिली आहे, ते या धंद्यात उतरणाऱ्यानं एकदा वाचावं. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात मिल्टन रेनॉल्ड्सनं आपलं बॉलपेन विकायला ठेवलं, किंमत साडेबारा डॉलर. त्या काळात ही मोठी रक्कम होती, तरी पहिल्याच दिवशी हजारो पेनं खपली. लगेच स्पर्धक उतरले, आणि तीन-चार वर्षांत बॉलपेन एका डॉलरच्याही आत आलं. १९५० मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल बिशनं स्वस्त, पारदर्शक बिक क्रिस्टल आणलं आणि पेन ही वापरून टाकायची वस्तू झाली. वस्तूचा भाव असाच उतरत जाणार. खामगावच्या दुकानदारानं पेनाच्या भावात दिल्लीच्या सदर बाजाराशी किंवा ऑनलाइन विक्रेत्याशी स्पर्धा करणं म्हणजे हरलेल्या लढाईत उतरणं आहे. ‘आज संध्याकाळी कार्यक्रम आहे, साहेबांचं नाव राहिलंय’ असं दुपारी दोनला सांगणाऱ्याला मात्र कुठलीही ऑनलाइन कंपनी मदत करू शकत नाही. तिथे चिखलीसारख्या जवळच्या गावचा दुकानदारच कामाला येतो, आणि त्या तातडीचे पैसे त्यानं हक्कानं मागावेत.

नाव छापलेल्या भेटवस्तूंच्या धंद्याची सुरुवातही एका लहान गावातच झाली, असं सांगतात. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन गावी जॅस्पर मीक नावाचे गृहस्थ वर्तमानपत्र चालवत. १८८०च्या दशकात, वर्तमानपत्राच्या दोन अंकांमध्ये यंत्र रिकामं राहतं म्हणून त्यांनी शाळकरी मुलांच्या दप्तरांवर गावातल्या चपला-बुटांच्या दुकानाचं नाव छापून दिलं. रिकाम्या यंत्राला काम शोधण्याची हीच निकड २०२० मध्ये आपल्याकडच्या छापखान्यांना जाणवली. करोनामुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, पत्रिकांची छपाई थांबली, आणि पुढे निर्बंध उठले तरी आमंत्रणं मोबाइलवरच फिरत राहिली. स्क्रीन, शाई आणि हाताचं कसब तसंच होतं. कागदावरून मग, ट्रॉफी, किल्ल्यांचे जुडगे आणि पेनांकडे वळणं हा त्यातला सगळ्यात जवळचा रस्ता होता.

जिल्ह्याच्या पंचांगात या कामाला जागाही भरपूर आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंची. जिजाऊंच्या या जन्मगावी लोटणारी गर्दी पुस्तकांच्या दुकानांपुढेही थांबते, आणि पुस्तकाच्या सोबतीनं पेन खपतं. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीचे निरोप समारंभ. जूनमध्ये कृषी केंद्रांची धावपळ, कपाशी आणि सोयाबीनच्या बियाण्यासोबत पिशवी, डायरी, पेन. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन. आणि १४ एप्रिल.

१४ एप्रिलबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. हार, फुलं, मेणबत्त्या यांच्याऐवजी बाबासाहेबांना ‘एक वही, एक पेन’ वाहा, ते गरजू मुलांना मिळेल, अशी हाक काही वर्षांपूर्वी आंबेडकरी कार्यकर्त्यांनी दिली आणि जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला ठिकठिकाणी वह्या-पेनांचे ढीग उभे राहू लागले. ज्या माणसाला स्वतःला उत्तम पेनांची मनापासून आवड होती आणि ज्यानं शिक्षणालाच मुक्तीचं साधन मानलं, त्याला वाहायला याहून योग्य वस्तू कोणती? या पेनांवर मंडळाचं नाव छापून घेतलं जातं, कधी नुसतं ‘जय भीम’. अशा कामात नफा थोडा ठेवावा, पण पेन खरोखर लिहिणारं द्यावं. पाचव्या पानावर कोरडं पडणारं दोन रुपयांचं पेन एखाद्या मुलाच्या हाती जाणं ही त्या हाकेशी प्रतारणा आहे. इथे दुकानदारानं स्वतः रिफिल चालवून पाहावी आणि दोन रुपये जास्त पडले तर मंडळाला तसं स्पष्ट सांगावं.

संविधानाची मूळ इंग्रजी प्रत ज्यांच्या सुंदर अक्षरांत आहे, त्या प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी मानधन घेतलं नाही. प्रत्येक पानावर आपलं नाव असावं आणि शेवटच्या पानावर आपल्यासोबत आजोबांचंही, एवढंच त्यांनी मागितलं, अशी हकीकत आहे. नावाचं मोल काय असतं, याचा एवढा मोठा पुरावा समोर असताना त्याला ‘वरची छपाई’ म्हणून फुकट देऊन टाकणं कारागिरानं तरी करू नये.

निवडणुकीत पेनांची मागणी अचानक वाढते. पेनाची सात किरणांची निब हे निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांपैकी एक आहे, ते मिळालेल्या उमेदवाराला तर पेनच वाटावंसं वाटतं. पण मतदाराला भेटवस्तू देणं कायद्यानं लाच ठरते. आचारसंहितेच्या काळात अशी मोठी मागणी आली तर ती कुणाच्या नावानं, कशासाठी, हे लेखी घेतल्याशिवाय हात लावू नये.

कराची बाजू थोडक्यात. ऑक्टोबर २०२१ पासून सगळ्या प्रकारच्या पेनांवर १८ टक्के जीएसटी आहे. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण मग खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. नवखा माणूस नेमका हाच आकडा विसरतो. गिऱ्हाइकानं स्वतःची पेनं आणून दिली आणि दुकानदारानं नुसती छपाई केली, तर ती सेवा होते आणि तिथली मर्यादा २० लाखांची. आणखी एक बारकावा सीमेवरच्या तालुक्यांसाठी : जळगाव जामोद किंवा मलकापूरहून बऱ्हाणपूर काही फार दूर नाही, पण ते मध्य प्रदेशात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून घ्यावी. यंत्रासाठी मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं; जिल्हा उद्योग केंद्रातून अनुदानाच्या योजनाही आहेत. मात्र पहिलं वर्ष लेझरचं काम दुसऱ्याच्या यंत्रावर करून घ्यावं, नावामागे ठरलेले पैसे द्यावेत, आणि महिन्याला दोनशे नावांची मागणी खरोखर उभी राहिली तरच कर्जाच्या अर्जावर सही करावी. रिकाम्या यंत्राचा हप्ता ३१ मेची वाट पाहत नाही.

एक गोष्ट मात्र दरपत्रकात क्वचितच लिहिलेली असते. नावाचं पेन लोक फेकत नाहीत, आणि म्हणूनच त्याची रिफिल कुठली, हा प्रश्न महत्त्वाचा. पुष्कळ दिखाऊ धातूच्या पेनांत अशा मापाची रिफिल असते, जी तालुक्याच्या गावीही मिळत नाही. तीन महिन्यांत शाई संपते आणि पेन कपाटात पडून राहतं. माल निवडताना आधी पेन उघडून पाहावं; देऊळगाव राजाच्या किंवा संग्रामपूरच्या साध्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी रिफिल त्यात बसते का, याची खात्री करावी, आणि डबीत एक जादा रिफिल ठेवून तिचे पैसे पावतीवर वेगळे दाखवावेत : पेन, नावाची घडणावळ, रिफिल.